दानशूर, दुकानदार आणि आपली मुले

एखादा माणूस आपल्या मुलाशी रोज तासभर बोलणार असेल, तर त्याची थोडीफार चौकशी आपण करतोच. शिकवणीचे सर कोण, कुठले, रागावतात का. शाळेच्या रिक्षाचे काका मुलांना सांभाळून नेतात का. नवा मित्र कोणाचा मुलगा, कुठे राहतो. अशी चौकशी करण्यात मराठी घरांनी कधी संकोच केलेला नाही. परंतु जेवणाच्या वेळी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून जो माणूस आपल्या मुलाशी रोज बोलतो, त्याचे नावसुद्धा पुष्कळ घरांत मोठ्यांना ठाऊक नसते. घास पोटात जातो आहे, मूल एका जागी बसले आहे, एवढ्यावर आपण समाधानी असतो. मग एके दिवशी मूल दुकानात नेमक्या एका चॉकलेटसाठी हटून बसते, किंवा एखादे भलतेच धाडस करायला निघते, आणि आपण दचकून विचारतो : हा माणूस आहे तरी कोण? आणि तो मुलांसाठी चांगला आहे का?

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शोधण्याची आपली रीत तपासून पाहायला हवी. त्यासाठी हवेत बोलण्यापेक्षा एकच उदाहरण घेऊ, आणि तेही सोपे नव्हे. शिवराळ, बीभत्स बोलणाऱ्याला घराबाहेर ठेवायला फारसा विचार लागत नाही. अडचण होते ती सभ्य, हसतमुख आणि दानशूर माणसाच्या बाबतीत. असा माणूस म्हणजे मिस्टरबीस्ट.

जमेची बाजू

मिस्टरबीस्ट हे टोपणनाव. खरे नाव जिमी डोनाल्डसन, जन्म १९९८ चा, वाढला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीनव्हिल या गावात. वयाच्या तेराव्या वर्षी, २०१२ मध्ये, त्याने यू-ट्यूबवर आपली वाहिनी सुरू केली. पाच वर्षे त्याला फारसे कोणी विचारत नव्हते. जानेवारी २०१७ मध्ये कॅमेऱ्यासमोर बसून त्याने एकपासून एक लाखापर्यंत आकडे मोजले. सुमारे चाळीस तास चाललेला हा निरर्थक उद्योग लोकांनी पाहिला आणि त्याचे नाव झाले. जून २०२४ मध्ये आपल्या टी-सिरीजला मागे टाकून त्याची वाहिनी जगात सर्वाधिक सदस्य असलेली वाहिनी बनली आणि जून २०२५ मध्ये सदस्यसंख्येने ४० कोटींचा टप्पा ओलांडला. त्याच्या चित्रफिती हिंदी आवाजातही मिळत असल्यामुळे इंग्रजी न समजणाऱ्या आपल्या मुलांनाही तो परका वाटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो मुंबईत आला, तेव्हा त्याला पाहायला पोरांची झुंबड उडाली होती.

त्याच्या जमेच्या बाजूला बरेच काही आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. त्याच्या चित्रफितींत सहसा शिवीगाळ नसते, अश्लीलता नसते. २०१९ मध्ये दोन कोटी झाडे लावण्यासाठी दोन कोटी डॉलर जमवण्याची मोहीम त्याने सहकाऱ्यांबरोबर हाती घेतली आणि त्याच वर्षी ती रक्कम पूर्ण केली. जानेवारी २०२३ मध्ये एक हजार लोकांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलून त्यांना दृष्टी मिळाल्याची चित्रफीत त्याने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आफ्रिकेत शंभर विहिरी खोदल्याची आली. आपल्या मुलाने असल्या माणसाचे गोडवे गाइले, तर कोणत्या आईबापांना वाईट वाटेल?

दाखला कालचा असतो

येथेच आपली पहिली गल्लत होते. माणूस चांगला ठरला, की त्याचे सर्व काही मुलांना चांगले, असे आपण धरून चालतो. शेजारचे डॉक्टर कितीही सज्जन असले, तरी त्यांच्या शस्त्रक्रियागृहात आपण सात वर्षांच्या मुलाला बसवत नाही. माणसाचा सज्जनपणा आणि त्याच्या कामाची मुलांसाठी योग्यता या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

शिवाय चारित्र्याचा दाखला नेहमी कालचा असतो. मुंबईच्या रणवीर अलाहाबादिया या यू-ट्यूब सादरकर्त्याला मार्च २०२४ मध्ये दिल्लीच्या सरकारी समारंभात राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. आरोग्य, अध्यात्म, यशाची सूत्रे असे त्याचे विषय. वर्ष पुरे व्हायच्या आत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दुसऱ्या एका कार्यक्रमात आईवडिलांविषयी त्याने विचारलेल्या प्रश्नामुळे देशभर गदारोळ उठला, गुन्हे नोंदले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला अटकेपासून संरक्षण दिले आणि त्याच्या भाषेबद्दल खडसावलेही. ज्या पालकांनी पुरस्कार पाहून 'हा पाहायला हरकत नाही' असे ठरवले असेल, त्यांचे काय? त्यांनी चौकशी केली नाही असे म्हणता येणार नाही. त्यांनी केलेली चौकशी शिळी झाली, एवढेच.

पूर्वी हा भार आपल्यावर नव्हता. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्यातले प्रत्येक पान मुलांच्या हाती पडण्याआधी संपादकाच्या नजरेखालून जाते. मुंबई दूरदर्शनच्या 'किलबिल'मागे निर्माते आणि नियम होते. १९९७ मध्ये 'शक्तिमान' आली, मुले त्याची नक्कल करून जखमी झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा निदान जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक होते. आणि मालिकेतूनच मुलांना सावध केले गेले. चित्रपटाला आजही प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा वयोगटांच्या पायऱ्याही त्यात आल्या आहेत. यू-ट्यूबवर कोणीही चढवलेल्या चित्रफितीवर असा शिक्का कोणी मारत नाही. संपादकाची ती रिकामी खुर्ची सरकत सरकत आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचली आहे. तिच्यावर बसायचे, तर 'माणूस कसा आहे' याच्या पलीकडचे तीन प्रश्न विचारावे लागतील.

पहिला प्रश्न : हे कोणासाठी केले आहे?

याचे उत्तर पुष्कळदा सादरकर्त्याने स्वतःच देऊन ठेवलेले असते. मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल आणि यू-ट्यूब यांनी अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. त्यानंतर जानेवारी २०२० पासून प्रत्येक सादरकर्त्याने आपली चित्रफीत मुलांसाठी आहे की नाही, हे जाहीर करण्याचे बंधन आले. 'मुलांसाठी' असे म्हटले, की त्या चित्रफितीखालचे प्रेक्षकांचे अभिप्राय बंद होतात आणि प्रेक्षकाच्या आवडीनिवडी हेरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातीही बंद होतात. अशा जाहिरातींना दर जास्त मिळतो. म्हणजे 'हे मुलांसाठी आहे' असे प्रांजळपणे सांगणाऱ्याचे उत्पन्न घटते. ज्याला मुलांचा प्रेक्षकवर्ग हवा आहे पण घट नको आहे, तो काय करील हे सांगायला अर्थशास्त्री नको.

मिस्टरबीस्टच्या मुख्य वाहिनीवरील चित्रफितींखाली अभिप्राय खुले असतात. याचा अर्थ 'मुलांसाठी' हा शिक्का त्यांवर नाही. हे तो लपवत नाही; आपण पाहत नाही. चित्रफितीखाली अभिप्रायांची रांग दिसली, तर निदान सादरकर्त्याच्या घोषणेनुसार ती लहान मुलांसाठी नाही, एवढी खूणगाठ कोणत्याही आजीला बांधता येईल. यू-ट्यूबने लहानांसाठी २०१५ मध्ये वेगळे ॲप काढले आणि ते २०१६ मध्ये भारतात आले. ते निर्दोष आहे असे नव्हे, परंतु पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांचे यू-ट्यूब देण्याला त्यामुळे सबब उरत नाही.

दुसरा प्रश्न : विकायला काय ठेवले आहे?

मिस्टरबीस्टने २०२२ मध्ये 'फिस्टेबल्स' नावाची चॉकलेटे बाजारात आणली. मुंबईची ती भेटही या मालाच्या भारतातील विक्रीसाठीच होती. मार्च २०२५ मध्ये 'ब्लूमबर्ग'ने या उद्योगाचे आकडे प्रसिद्ध केले, ते प्रत्येक पालकाने वाचावेत असे आहेत. २०२४ या वर्षात चॉकलेटांची विक्री सुमारे २५ कोटी डॉलरची झाली आणि त्यात दोन कोटींवर नफा झाला. त्याच वर्षी चित्रफिती आणि कार्यक्रमांच्या धंद्यात मात्र सुमारे आठ कोटी डॉलरचा तोटा आला. तोटा चित्रफितींत आणि नफा चॉकलेटांत. तेव्हा मुले जी चित्रफीत 'फुकट' पाहतात, ती या हिशेबात दुकानाची झगमगती काच ठरते.

जाहिरात आपण नवी पाहत नाही. दूरदर्शनवर मालिका थांबे, जाहिरात लागे, आणि पाच वर्षांच्या मुलालाही कळे की आता गोष्ट थांबली आहे. येथे गोष्ट आणि जाहिरात यांच्यामधली भिंतच पाडलेली असते. जो माणूस आंधळ्यांना दृष्टी देतो, तोच, त्याच हसऱ्या चेहऱ्याने, त्याच वाक्याच्या ओघात चॉकलेट पुढे करतो. साधारणपणे सात-आठ वर्षांखालील मुलाला 'हा मला काही विकू पाहतो आहे' हा हेतू ओळखता येत नाही, असे बालमानसशास्त्र सांगते. त्याच्या लेखी ते मित्राने प्रेमाने दिलेले चॉकलेट असते. आपल्याकडे जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईतील ॲस्की या संस्थेने २०२१ पासून अशा सादरकर्त्यांना 'ही जाहिरात आहे' असे ठळक लिहिण्याची शिस्त घालून दिली. पण पाटी लिहिली, तरी ती ज्याला वाचता येत नाही त्याला तिचा उपयोग काय?

दुकानाचे भागीदारही पाहावेत. सप्टेंबर २०२४ मध्ये शाळकरी मुलांच्या डब्याला पर्याय म्हणून 'लंचली' नावाची तयार खोकी मिस्टरबीस्टने बाजारात आणली. त्यात त्याचे दोन भागीदार. त्यांपैकी एक लोगन पॉल. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस जपानच्या एका जंगलात आत्महत्या केलेल्या माणसाचा मृतदेह चित्रफितीत दाखवल्यामुळे ज्याच्यावर जगभर टीका झाली आणि ज्याने नंतर माफी मागितली, तोच हा. मुंबईच्या भेटीतही तो बरोबर होता. माणूस सुधारत नाही असे नाही. परंतु मुलाला एका पाहुण्याची ओळख करून दिली, की त्याच्या मागून कोण कोण घरात येतात, हे यावरून कळावे.

तिसरा प्रश्न : न बोलता काय शिकवले जाते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण येथे आक्षेपार्ह असे काहीच दिसत नाही. मिस्टरबीस्टच्या बऱ्याच चित्रफितींचा साचा एक आहे : अमुक करून दाखव आणि एवढे डॉलर घे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने 'स्क्विड गेम' या मोठ्यांसाठीच्या हिंसक कोरियन मालिकेतील खेळ ४५६ स्पर्धक घेऊन प्रत्यक्ष उभे केले. बक्षीस होते ४ लाख ५६ हजार डॉलर. मूळ मालिका कर्जाने पिचलेल्या माणसांना पैशासाठी नाचवणाऱ्या श्रीमंतांवरचा कडवट आसूड होती. आसूड गळला आणि नाचवणे तेवढे करमणूक म्हणून उरले. मूळ मालिका न पाहिलेली मुले हा खेळ मात्र ओळखतात. डिसेंबर २०२४ मध्ये हजार स्पर्धकांची 'बीस्ट गेम्स' ॲमेझॉनवर आली. तिच्या चित्रीकरणात पुरेसे अन्न आणि वैद्यकीय मदत मिळाली नाही, असा दावा काही स्पर्धकांनी त्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेतील न्यायालयात लावला होता. हे आरोप आहेत आणि मिस्टरबीस्टच्या बाजूने ते अवास्तव फुगवलेले असल्याचे सांगण्यात आले, हेही नमूद केले पाहिजे. पण आरोप बाजूला ठेवले, तरी साचा उरतोच. माणसाचा संयम, मैत्री, भीती, अगदी कृतज्ञतेचे अश्रू, या सर्वांवर किमतीची चिठ्ठी लावलेली असते. दिवसामागून दिवस हे पाहणारे मूल पैशाविषयी आणि माणसाविषयी काय शिकत असेल?

डोळ्यांच्या शस्त्रक्रियांचेच पाहा. त्या हजार माणसांना दिसू लागले, हे पुण्यकर्मच होय. त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु मुलाच्या मनावर ठसते ते असे, की एक श्रीमंत माणूस आला आणि म्हणून आंधळ्यांना दिसले. भारतात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. मोतीबिंदूच्या लाखो शस्त्रक्रिया दरवर्षी होतात आणि त्यांतल्या पुष्कळ जिल्हा रुग्णालयांत आणि गावोगावच्या शिबिरांत, विनामूल्य. त्यांच्यामागे कर भरणारे आपण सगळे असतो. त्या शस्त्रक्रियांना पार्श्वसंगीत नसते. पट्टी सोडल्यावर समोर कॅमेरा नसतो, चॉकलेट नसते. आपल्या घरातल्या आजोबांची शस्त्रक्रिया अशाच ठिकाणी झाली असेल, तर मुलाला ते सांगायला काय हरकत आहे?

यातच आणखी एक गोष्ट येते, ती वेगाची. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या कंपनीतील कर्मचाऱ्यांसाठीची एक मार्गदर्शक पुस्तिका बाहेर फुटली. पहिल्या मिनिटात प्रेक्षक गळतात, म्हणून ते मिनिट सर्वाधिक महत्त्वाचे. तिसऱ्या मिनिटापर्यंत काय दाखवायचे, सहाव्यापर्यंत त्याला कसे खिळवायचे, याचा हिशेब तीत मांडलेला आहे. हे व्यवसायाचे कौशल्य झाले. पण त्याच्या दुसऱ्या टोकाला आपले मूल बसलेले आहे, आणि उद्या त्याला फळ्याकडे पाहत पस्तीस मिनिटे बसायचे आहे. अतिवेगवान, डोके बधिर करणाऱ्या चित्रफितींचे युग संपवू या, आपण स्वतः संथ झालो आहोत, असे आवाहन मार्च २०२४ मध्ये खुद्द मिस्टरबीस्टनेच इतर सादरकर्त्यांना केले होते. ज्याचा तो धंदा, त्यालाच हे म्हणावेसे वाटले, यातून पालकांनी घ्यायचा तो बोध घ्यावा.

मग निकाल काय?

असे प्रश्न विचारून निकाल लावायचा, तर तो 'चांगला' किंवा 'वाईट' असा एका शब्दात येत नाही. तो मुलाच्या वयाप्रमाणे येतो. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी मिस्टरबीस्ट नको. जाहिरात ओळखता न येणाऱ्या मुलाला विक्रेत्याच्या स्वाधीन करणे बरे नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सात दिवस जमिनीखाली शवपेटीत पुरून घेण्याची चित्रफीत त्याने केली; तिच्यामागे मदतनिसांचा ताफा असतो, हेही त्या वयात कळत नाही. नऊ ते बारा या वयात पाहावे, पण मोठ्यांच्या संगतीत, आणि जेवताना नव्हे. तेराच्या पुढे बंदीपेक्षा वाद घालणे बरे. 'यात तोटा झाला तर तो पैसे कुठून आणतो?' हा प्रश्न आठवीतल्या मुलाला टाकून पाहावा. तो गणिताच्या पुस्तकापेक्षा जास्त उत्साहाने हिशेब मांडील.

दुसऱ्या कोणत्याही सादरकर्त्याला हीच कसोटी लावता येते. त्याच्या तीन चित्रफिती, एक जुनी, एक नवी आणि एक सर्वाधिक पाहिली गेलेली, आपण आधी एकट्याने संपूर्ण पाहाव्यात. पुढे सरकवून नव्हे. मग मुलाबरोबर एक पाहावी आणि पडद्यापेक्षा मुलाकडे अधिक लक्ष द्यावे. मोबाइल ठेवल्यावर ते काय करते? काही तरी करून बघायला उठते, प्रश्न विचारते, की नुसते चिडचिडते आणि 'आणखी एक' म्हणते? पंधरा मिनिटांच्या चित्रफितीची पोचपावती त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत मिळते. आणि ही परीक्षा दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी, कारण सादरकर्ते बदलतात आणि मुलेही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, वेळेचा. दोघे नोकरीला, घर दोन खोल्यांचे, आजी-आजोबा गावी; अशा घरात मोबाइल हा मुलाला सांभाळणारा एकमेव बिनपगारी नोकर असतो. त्या आईला उपदेश करणे सोपे आहे आणि निर्दयही. तिने सगळे पाहावे असे कोणी म्हणत नाही. पण दहा वाहिन्यांऐवजी पारखून घेतलेल्या तीनच ठेवल्या, तर पारखण्याचे कामही तीनपुरतेच उरते. दुसरा आक्षेप, 'वर्गातली सगळीच पाहतात, आमचाच एकटा पडेल.' यात तथ्य आहे. म्हणून सरसकट बंदीपेक्षा घरातल्या मोठ्या पडद्यावर, सर्वांसमक्ष पाहण्याची मुभा द्यावी. वर्गात बोलण्यापुरते त्याला ठाऊक राहील आणि आपल्यालाही.

आणि सरकार? कायदे येत आहेत, यायलाच हवेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही आणि त्यात यू-ट्यूबही आहे. मात्र खाते नसताना चित्रफिती पाहण्याला तेथेही आडकाठी नाही. आपल्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक ठरवली आणि मुलांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कायदा दारावर पहारा ठेवू शकतो. मुलाशेजारी बसून 'हे त्याने का केले असेल रे?' असे विचारायला मात्र तो येणार नाही.

मिस्टरबीस्टची जागा उद्या दुसरा कोणी घेईल. त्याचे नाव आज आपल्याला ठाऊकही नसेल. पण मूल एक सवय घेऊन मोठे झाले, की माणूस कितीही गोड बोलला, कितीही उदार दिसला, तरी त्याचे दुकान कुठे आहे हे आधी पाहायचे, तर ती सवय त्याला पुढे निवडणुकीच्या मंडपात, नोकरीच्या करारात आणि कर्जाच्या कागदावर सही करतानाही उपयोगी पडेल. ती लावायला फार मोठी विद्या लागत नाही. आज रविवार आहे. मूल काय पाहते ते एकदा पूर्ण पाहायला अर्धा तास पुरेल.